घरच्या खोलीत गाणं, पेटी आणि तबला: दोन चॅनेलमध्ये रेकॉर्डिंग कसं बसवावं?

काळी_एक

नमस्कार मंडळी. अभंग आणि नाट्यगीतं घरीच नीट रेकॉर्ड करायची आहेत. सामान असं: फोकसराइट स्कारलेट २आय२ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र, तिसरी पिढी), एक श्युअर एसएम५८ (डायनॅमिक माइक), एक ऑडिओ-टेक्निका एटी२०२० (कंडेन्सर माइक), बंद कपांचा हेडफोन, विंडोज लॅपटॉप आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. खोली १० बाय १२ फूट, छत साडेनऊ फुटांवर, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. एका भिंतीला सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी, समोरच्या भिंतीला लाकडी कपाट. गायक स्वतः पेटी वाजवतो, पट्टी काळी एक. तबलजी समोर दीड मीटरवर बसतात.

अडचणी पाच आहेत. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. एसएम५८चा गेन (आवाज वाढवण्याची पातळी) खूप चढवावा लागतो आणि मागे 'सूं' ऐकू येतं. लॅपटॉप चार्जिंगला असताना बारीक घूं घूं असते. डग्गा काही ठिकाणी फुगतो, काही ठिकाणी गायबच होतो. आणि तबला मागाहून वेगळा घेतला तर तो किंचित मागे पडलेला वाटतो.

नवीन, महागाचा माइक घेतला तर यातलं काय काय सुटेल?

खर्जातला_सा

यातलं एकही नाही. आहे तेवढ्या सामानात हे काम होतं, तेव्हा खरेदी थांबवा.

आधी 'डब्यातला आवाज'. माइक किती अंतरावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण गाणारा पेटीवर बसला की माइक बहुतेक पेटीच्या पलीकडे स्टँडवर जातो. म्हणजे तोंडापासून दोन-अडीच फूट. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डीबीने (डेसिबलने) उतरतो, खोलीतून परतणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. १५ सेंमीवरून ६० सेंमीवर गेलात तर १२ डीबी गेले. ते गेनने भरून काढता तेव्हा खोलीही १२ डीबीने वर येते. टाइल्स, काच आणि उघड्या भिंती तुमच्या गाण्याइतक्याच जोरात ऐकू येतात, त्यालाच आपण डबा म्हणतो.

सूं आवाजाचं मूळही तेच. एसएम५८ची संवेदनशीलता १.८५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल आहे, एटी२०२०ची १४.१. फरक साधारण १७ ते १८ डीबीचा. तेवढा जास्त गेन एसएम५८ला लागणारच, तो बिघाड नाही. माइक १५ सेंमीवर आणा, गेन आपोआप खाली येईल.

चाट_आणि_लव

खर्ज यांच्याशी सहमत. पेटीवर बसून गाणाऱ्यासाठी माइकची नेमकी जागा सांगतो, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते.

माइक वरून खाली तोंडाकडे लावला तर तोंडाच्या मागे थेट पेटी येते आणि माइकचा पुढचा कान तिच्याकडेच लागतो. उलट करा. बुटका स्टँड आणि बूम घेऊन माइक छातीच्या उंचीवर, तोंड आणि पेटी यांच्या मधे आणा आणि ४५ अंशात वर तोंडाकडे रोखा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः पुढच्या बाजूचं ऐकणारा, माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, आणि आता त्याची पाठ पेटीकडे आहे. तोंडापासून १५ ते २० सेंमी. पेटी तरीही येईल, पण गाण्याच्या खाली राहील आणि मिक्समध्ये हातात राहील.

या मांडणीत माइक छताकडे बघतो, म्हणून पंखा पूर्ण बंद हवा. फक्त हवेच्या आवाजासाठी नाही. पाती फिरत असली की छतावरून परतणारा आवाज कापला जातो आणि लांब सुरात बारीक थरथर ऐकू येते.

भजनाची वही पेटीवर सपाट उभी करू नका. पुठ्ठ्यावरून आवाज माइकमध्ये परततो आणि गाणं पोकळ लागतं. वही बाजूला, तिरकी ठेवा.

काळी_एक

माइक खरंच पेटीच्या पलीकडे, अंदाजे ७० सेंमीवर आहे. मग गाण्याला एसएम५८ लावायचा की एटी२०२०? सगळीकडे वाचायला मिळतं की डायनॅमिक माइक खोली कमी उचलतो.

खर्जातला_सा

हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. खोली किती यायची हे माइकची दिशा आणि अंतर ठरवतात. आत कॉइल आहे (डायनॅमिक) की कॅपॅसिटर (कंडेन्सर), याने ते ठरत नाही. दोन्ही तुमचे कार्डिऑइड आहेत. सारख्या अंतरावर ठेवून लेव्हल जुळवली तर खोली जवळपास सारखीच येते. डायनॅमिक माइक ओठांना लावूनच वापरतात, म्हणून तो कोरडा वाटतो.

निवड दुसऱ्या कारणावरून करा. तबल्याची चाट (पुडीची कड), शाईवरचा बोल, लवेचा (चाट आणि शाई यांच्या मधल्या भागाचा) नाद यांना वरची पट्टी (उंच सूर) स्वच्छ लागते. ते काम एटी२०२० चांगलं करतो आणि १४४ डीबीपर्यंतचा आवाज झेलतो, त्यामुळे तबल्याने तो फाटणार नाही. एकत्र वाजवताना गाण्याला एसएम५८, तबल्याला एटी२०२०.

एक लक्षात असू द्या: २आय२वर ४८ व्होल्टचं (फँटम, म्हणजे केबलमधून माइकला वीज देण्याचं) बटण दोन्ही इनपुटांना एकच आहे. एटी२०२०साठी ते लागणार, एसएम५८ला त्याने काही होत नाही, फक्त केबल एक्सएलआर ते एक्सएलआर हवी. एक्सएलआर ते पाव इंची जॅक अशी केबल कंडेन्सरला लावलीत तर फँटम पोचत नाही आणि माइक मुका राहतो. 'माइक खराब निघाला' म्हणून येणाऱ्या तक्रारींत ही केबल फार वेळा सापडते.

धुमाळी

तबल्याच्या माइकबद्दल. एकच माइक असेल तर तो दोन्हींच्या मधोमध, वादकाच्या समोरच्या बाजूने, पुड्यांपासून (वरच्या चामड्यांपासून) ३० ते ४० सेंमी वर लावा आणि किंचित डग्ग्याकडे झुकवा. २० सेंमीच्या आत गेलात तर हात ज्याच्या जवळ तो बोल मोठा, दुसरा लहान, असा हिशेब बिघडतो. घिस्सा घेताना डग्ग्यावर हवाही हलते. माइक पुडीच्या अगदी जवळ असला की ती हवा 'भप्' करून येते आणि मागाहून काढता येत नाही.

स्टँडचे पाय टाइल्सवर नकोत. त्याच फरशीवर तबलजी बसलेले असतात आणि डग्ग्याचा धक्का पायांतून थेट माइकमध्ये चढतो. प्रत्येक पायाखाली चार घड्यांचा टॉवेल पुरतो. तबलजींखाली सतरंजी घाला, जाड फोमची गादी घालू नका. डग्ग्याखालची रिंग फोममध्ये रुतली की डग्गा कलतो आणि हाताची बैठक बिघडते.

लेव्हल लावताना तबलजींना 'जरा वाजवा' म्हणू नका. त्या वेळी सगळे हळू वाजवतात. सगळ्यात जोरकस तिहाई वाजवून घ्या आणि तिचं टोक उणे १० ते उणे १२ डीबीवर ठेवा. तबल्याची टोकं सरासरीपेक्षा कितीतरी वर जातात. मीटर डोळ्यांना शांत दिसतो आणि 'ता'ला लाल दिवा लागतो. २४ बिटमध्ये उणे १२ डीबीवर काहीही गमावत नाही. २आय२वरचं 'एअर' बटण तबल्यासाठी बंद ठेवा. ते वरची पट्टी उचलतं, चाट टोचायला लागते.

चाट_आणि_लव

भर घालतो. दोन माइक एकाच खोलीत असले की ३ ला १ हा नियम पाळा: गाणं माइकपासून १५ सेंमीवर असेल तर तबल्याचा माइक गाण्याच्या माइकपासून निदान ४५ सेंमी दूर. दीड मीटर अंतरात ते सहज साधतं. तेवढ्या अंतरातून तबला गाण्याच्या माइकला साधारण साडेचार मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो. घरातल्या रेकॉर्डिंगमध्ये तो उशीर खोलीसारखा ऐकू येतो, त्याला सरकवून जुळवायच्या फंदात पडू नका. गळती (एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये येणं) कमी करायची असेल तर बसण्याचा कोन बदला: तबलजी गाण्याच्या माइकच्या पाठीमागच्या रेषेत यायला हवेत.

आणि दोन्ही ट्रॅक एकत्र करून मोनोत ऐका. मोनोत डग्गा पातळ झाला तर एका ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून बघा. जास्त भरीव लागेल ती ठेवा.

मांजरपाट

डग्गा फुगतो आणि गायब होतो, त्याचं कारण खोलीच्या मापात आहे. आवाजाचा वेग ३४३ मीटर प्रतिसेकंद धरा आणि त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागा. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर, त्याला ४७ हर्ट्झ. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, त्याला ५६ हर्ट्झ. साडेनऊ फूट छत म्हणजे २.९ मीटर, त्याला ५९ हर्ट्झ. रुंदी आणि उंची जवळजवळ सारख्या, म्हणून ५६ आणि ५९ एकमेकांवर चढून बसलेत. त्यांच्या दुपटी ११२ आणि ११८, त्याही शेजारी. डग्ग्याची मींड या पट्ट्यातून वर-खाली होते तेव्हा एखादा सूर फुगतो आणि पुढचा दबतो. यात डग्ग्याचा दोष नाही, माइकचाही नाही.

पहिला इलाज फुकट आहे: जागा बदला. खोलीच्या बरोबर मधोमध हे पहिले सूर दबतात, कोपऱ्यात सगळे फुगतात. लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे आखूड भिंतीपासून सुमारे १.४ मीटरवर डग्गा ठेवून बघा. मग प्रत्येक वेळी एक फूट सरकवा आणि तोच बोल, तीच मींड रेकॉर्ड करा. चार-पाच जागा तपासल्या की चांगली सापडते. तिथे फरशीवर चिकटपट्टीने खूण करा.

दुसरा इलाज आवाज शोषणारी पॅनेल. अंड्यांचे ट्रे लावू नका. ते फार तर वरच्या पट्टीला थोडं विस्कटतात, खाली काहीच करत नाहीत, शिवाय पेट घेतात. अर्ध्या इंचाचा फोमही तसाच: चकाकी जाते, चिखल राहतो, आणि आवाज आणखी डब्यातला वाटतो.

काळी_एक

पॅनेल घरी करता येतील का? सुतारकाम साधं जमतं.

मांजरपाट

येतील. एका पॅनेलचं माप ४ बाय २ फूट. आत रॉकवूलचा ५० मिमी जाडीचा स्लॅब, घनता ४८ किलो प्रति घनमीटर. याहून दाट घ्यायची गरज नाही. चौकटीला ३ इंच रुंद, पाऊण इंच जाड लाकडी पट्टी: बाहेरून १२ फूट आणि मधल्या आडव्या तुकड्याला २ फूट, एकूण १४ फूट, कापण्याची तूट धरून १५ आणा. स्लॅब २ इंचांचा आणि चौकट ३ इंचांची, म्हणजे मागे १ इंच पोकळी आपोआप राहते. भिंतीपासून आणखी १ ते २ इंच पुढे टांगा. पोकळी म्हणजे फुकटची जाडी: स्लॅब भिंतीपासून जितका पुढे, तितका तो खालच्या सुरांपर्यंत पोचतो.

कापड मांजरपाट किंवा जाडी खादी. ३६ इंची पन्ह्याचं दीड मीटर एका पॅनेलला बरोबर पुरतं, कडा आणि घडी धरून ८६ बाय १४७ सेंमी लागतं. कापड तोंडाला लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर चालेल. रेक्झिन, प्लास्टिकचं अस्तर असलेलं कापड, मखमली जाड पडदा नको. स्टेपलरने मागून आधी चारी बाजूंचे मध्य ठोका, मग कोपऱ्यांकडे जा, नाहीतर कापड एका बाजूला ओढलं जातं.

रॉकवूल हाताळताना हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा, मास्क. गॅलरीत काम करा, घरात पंख्याखाली नको. कापड लावायच्या आधी स्लॅबवर पातळ नॉन-वोव्हन कापडाचा एक थर द्या म्हणजे तंतू बाहेर येत नाहीत.

तुमच्या खोलीला सहा पॅनेल. चार उभ्या कोपऱ्यांत तिरकी, दोन गाणाऱ्याच्या पाठीमागे. पाठीमागे म्हटलं, समोर नाही: माइकचं तोंड गाणाऱ्याकडे आहे, म्हणजे त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकच्या पुढ्यात येतो. पुष्कळ लोक माइकच्या मागे अर्धगोल फोम लावतात, तिथे कार्डिऑइड माइक तसाही बहिरा असतो.

चार पॅनेल कोपऱ्यांत लावूनही ४७ हर्ट्झला फारसा फरक पडणार नाही, हे आधीच सांगतो. त्या सुराची पाव लांबीच १.८ मीटर आहे. पण ११२-११८ला पकड येते आणि डग्ग्याची शेपटी आखूड होते. मला विचाराल तर घरच्या स्टुडिओत सगळ्यात जास्त मोबदला देणारं काम हेच आहे.

पॅनेल होईपर्यंत: गाणाऱ्याच्या पाठीमागे कापसाची गादी उभी करा, कपाटाची दारं उघडी ठेवा (कपडे चांगलं शोषतात), खिडकीवर दोन गोधड्या टांगा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला पॅनेल टेकवू नका, मागे बुरशी धरते.

अर्थिंगवाला

घूं घूंबद्दल. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. आवाज गेला तर वाट सापडली: चार्जर, इंटरफेस आणि अर्थिंग. पूर्ण न जाता कमी झाला तर खोलीतली दुसरी उपकरणंही त्यात आहेत.

रीपरमध्ये ट्रॅकवर रीइक्यू (सुरांचा आलेख दाखवणारं प्लगइन) उघडून बघा. टोक ५० हर्ट्झला असेल तर तो विजेचा घुमारा: अर्थिंगचं वेटोळं किंवा शिल्ड तुटलेली केबल. १०० आणि तिच्या पटी, टोचणारा 'झ्झ्झ' असेल तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर किंवा स्वस्त एलईडीचा ड्रायव्हर. पंखा बंद करताना रेग्युलेटर शून्यावर नेऊन थांबू नका, भिंतीवरचं बटणच बंद करा. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर घुमारा बदलतो का तेही बघा. बदलत असेल तर सॉकेटमध्ये अर्थिंग पोचत नाही. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्या. एक-दोन व्होल्टपेक्षा बराच जास्त निघाला तर आधी ते दुरुस्त करा.

कळकळीने सांगतो, कुणीही तिसरी पिन काढू नका किंवा तीन पिनांवर दोन पिनांचा जोड लावू नका. घुमारा जातो, पण त्यासोबत विजेच्या झटक्यापासूनचं संरक्षणही जातं, आणि गाणाऱ्याचे ओठ धातूच्या जाळीला लागलेले असतात.

लॅपटॉप, इंटरफेस, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. बोर्डाला खरं अर्थिंग आहे का तेही तपासा, कित्येक बोर्डांत तिसरं छिद्र नुसतं शोभेचं असतं. माइकची केबल चार्जरच्या वायरीला समांतर नेऊ नका, ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडा. फोन विमान मोडवर, माइकपासून एक मीटर दूर.

केबल स्वतः जोडत असाल तर पिन १ शिल्ड, पिन २ गरम, पिन ३ थंड. एका टोकाला २ आणि ३ उलटे झाले तर आवाज येतो, पोलॅरिटी मात्र उलटते, आणि मग वर चाट_आणि_लव म्हणाले तसा डग्गा पातळ होतो.

न्यूजर्सीची_पेटी

अमेरिकेतून वाचणाऱ्यांसाठी: इथे वीज ६० हर्ट्झची, म्हणून घुमारा ६० आणि १२०ला शोधा. बाकी अर्थिंग यांचं सगळं तसंच्या तसं लागू.

तबला मागे पडतो त्याबद्दल मी लिहिते, कारण गाणं पुण्यात आणि तबला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये असं काम आता पुष्कळ जण करतात.

रीपर ड्रायव्हरने कळवलेला उशीर वजा करतं, पण ड्रायव्हर नेहमी बरोबर आकडा कळवत नाही. तो स्वतः मोजा. फँटम बंद करा, डायरेक्ट मॉनिटर (आवाज लॅपटॉपमधून न जाता इंटरफेसमधूनच ऐकण्याची सोय) बंद करा. इंटरफेसच्या मागच्या लाइन आउट १ मधून टीआरएस केबल पुढच्या इनपुट १ मध्ये लावा, इनपुट लाइनवर ठेवा. एका ट्रॅकवर मेट्रोनोमचा टकटक आवाज ऑडिओ म्हणून ठेवा आणि तो दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. दोन्ही लाटा पूर्ण मोठ्या करून सुरुवातींमधला फरक सॅम्पलमध्ये मोजा. ४८ किलोहर्ट्झला ९६ सॅम्पल आले तर २ मिलिसेकंद. हा आकडा प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, रेकॉर्डिंग या पानावर हाताने भरायच्या भरपाईत लिहा आणि पुन्हा मोजा. शून्य आलं की झालं. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तेवढे सॅम्पल) किंवा सॅम्पल रेट बदलला तर परत मोजायचं.

विंडोजवर फोकसराइटचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर निवडा. वाजवताना ऐकणं डायरेक्ट मॉनिटरवर ठेवा, मग बफर २५६ किंवा ५१२ असला तरी वादकाला उशीर जाणवत नाही. सॉफ्टवेअरमधून परत ऐकाल तर ४८ किलोहर्ट्झला ५१२चा बफर एका बाजूने १०.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन दुप्पट, वर कन्व्हर्टरचा वेळ. तेवढ्यात हात नक्की मागे पडतो.

फाइल पाठवताना: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह, प्रत्येक फाइल शून्य सेकंदापासून. मिनिटाला ८.६ एमबी होतात, सहा मिनिटांचं गाणं ५२ एमबी. एमपी३ पाठवू नका, त्यात सुरुवातीला थोडी पोकळी भरली जाते आणि जुळणी हलते. ४४.१ची फाइल रूपांतर न होता ४८ने वाजली तर लय चढते आणि सूर दीड अर्धस्वर वर जातो: काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे जाऊन पडतं, आणि तिकडे तबलजी हातोडी घेऊन बसलेले.

हो, पेटीचा मूळ सूरही कळवा. मधल्या सप्तकातली पांढरी सहा ४४०ला आहे की ४४२ला? दोन पेट्यांत एवढाच फरक असला तरी त्या सुरावर सेकंदाला दोन ठोके ऐकू येतात. ट्यूनरवर मोजून आकडा फाइलच्या नावातच लिहा.

धुमाळी

न्यूजर्सीताई, मोजणी अचूक लिहिलीत. पण थर चढवण्याआधी (एकेक भाग वेगळा रेकॉर्ड करण्याआधी) एक प्रश्न विचारायला हवा: हे गाणं थरांत घेण्यासारखं आहे का?

भजनी ठेक्यात, सरळ लयीत चाललेला अभंग थरांत घेता येतो. तिथेही आधी कोरडा क्लिक नको. ९० लयीला आठ मात्रांचं आवर्तन ५.३ सेकंदांचं होतं. तेवढ्या तुकड्यात साधा ठेका भरून घ्या, त्यावर गाणं, आणि मग खरा तबला गाणं ऐकत वाजवायचा. शेवटी तो भरलेला ठेका काढून टाकायचा. क्लिकवर गायलेलं गाणं सरळ रेषेत येतं, ठेक्यावर गायलेलं झुलतं.

नाट्यगीतात मात्र गायक तान घेऊन समेवर येताना लय हलवतो आणि तबलजी डोळ्यांनी ते पकडतात. तिथे थर चढवू नका. गळती आली तरी चालेल, एकत्र बसा. दोन माइकांत घेतलेलं जिवंत गाणं आठ थरांच्या निर्जीव गाण्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं, आणि त्यात तडजोड करू नये असं मला मनापासून वाटतं.

टाळ असेल तर तो तरी मागाहून घ्या. खोलीत वाजलेला टाळ दोन्ही माइकांत इतका घुसतो की गाणं उचललं की टाळच उचलला जातो. वेगळा घेताना माइक दीड ते दोन मीटरवर ठेवा.

चाट_आणि_लव

धुमाळींना पूर्ण अनुमोदन.

तानपुरा फोनच्या स्पीकरवर लावून गाऊ नका. तो गाण्याच्या माइकमध्ये मिसळतो आणि मग कमी-जास्त करता येत नाही. हेडफोनमध्ये द्या, एक कान उघडा ठेवा, उघड्या कानाचा कप गालावर दाबून ठेवा म्हणजे गळणार नाही. तबलजींनाही तोच तानपुरा.

पावसाळ्यात दमट हवेने पुडी उतरते, एसीच्या कोरड्या हवेत चढते. एसी लावायचा असेल तर अर्धा तास आधी लावा, तबला त्याच खोलीत उघडा ठेवा, मग एसी बंद करून सुरात लावा आणि दर दोन टेकनंतर तपासा. गट्ट्यांना (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांना) हात लावायच्या आधी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हलक्या ठोक्यांनी घराघराला सूर सारखा करा. एक घर उतरलेलं असलं की मिक्समध्ये काहीही केलं तरी तबला बेसूर लागतो.

कंडेन्सर माइकलाही दमट हवा सोसत नाही. कॅप्सूलवर ओल धरली की तळल्यासारखी तडतड येते. काम झालं की घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते बदला किंवा कढईत मंद आचेवर निळे होईपर्यंत तापवा. ती कढई स्वयंपाकाला परत वापरू नका.

काळी_एक

सगळ्यांचे मनापासून आभार. गादी पाठीमागे उभी केली, एसएम५८ छातीच्या उंचीवर १५ सेंमीवर आणला: गेन चांगलाच खाली आला आणि सूं जवळजवळ गेलं. घुमारा ५० हर्ट्झचा निघाला, बोर्डाच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. उशीर ११२ सॅम्पल आला, भरपाई भरली, आता शून्य. डग्ग्याची जागा शोधणं चालू आहे.

आता 'भ', 'फ' आणि 'प'ला झटका बसतो. जवळ आल्याने आवाजही जाड झालाय.

खर्जातला_सा

दोन्ही जवळिकीचेच परिणाम आहेत. दिशा असलेला माइक जवळ आला की खालचे सूर फुगवतो.

झटक्यासाठी पॉप फिल्टर माइकपासून ५ ते ८ सेंमी पुढे, माइकला चिकटवून नाही. शिवाय माइक तोंडाच्या मध्यरेषेपासून २० ते ३० अंश बाजूला सरकवा, रोख तोंडाकडेच ठेवा. हवेचा झोत सरळ जातो, आवाज सगळीकडे पसरतो. आपल्या भाषेत महाप्राण पुष्कळ, त्यामुळे इंग्रजी गाण्यांसाठी सांगितलेलं फक्त 'प' आणि 'ब'चं गणित आपल्याला पुरत नाही. 'भ', 'फ', 'ठ', 'ध' सगळे तपासा.

जाडीसाठी हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर). काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ, मंद्र पंचम १०४. मंद्र पंचमाच्या खाली गाणं जात नसेल तर ८० हर्ट्झला १२ डीबी प्रति सप्तक निर्धास्त लावा. काळी चारला गाणाऱ्या बाईंसाठी षड्ज २०७.७, मंद्र पंचम १५६, तिथे ११०पर्यंत जाता येतं. त्यानंतरही गढूळ भार राहिला तर २५० ते ३५०च्या दरम्यान २-३ डीबी कापा, त्याहून जास्त नको. पेटीही त्याच भागात राहते आणि तीच पोकळ होईल.

कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) २ ला १, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० ते ३० मिलिसेकंद, सुई ३-४ डीबीपेक्षा जास्त हलू देऊ नका. पेटी त्याच माइकमध्ये गळलेली आहे. जास्त दाबलंत तर प्रत्येक श्वासाच्या जागी पेटी उसळून वर येते.

काळी_एक

आणि यूट्यूबवर टाकताना लेव्हल किती ठेवायची? इतरांच्या मानाने आमचं गाणं हळू वाटतं.

न्यूजर्सीची_पेटी

यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) मोठं असलेलं खाली आणतं, हळू असलेलं वर चढवत नाही. अभंग उणे १४ ते उणे १५ला सहज बसतो. नाट्यगीतात आलापाची हळुवार जागा जपायची असेल तर उणे १६-१७ला थांबा. ट्रू पीक (लाटेचं खरं टोक) उणे १ डीबी. तिथे पोचण्यासाठी लिमिटरने (टोकं छाटणाऱ्या साधनाने) ३ डीबीपेक्षा जास्त कापावं लागत असेल तर लिमिटर सोडा, मिक्समध्ये परत जा आणि तबल्याची दोन-चार टोकं हाताने खाली घ्या. बहुतेक वेळा तिहाईचा शेवटचा 'धा' एकटाच सगळं अडवून बसलेला असतो.

मांजरपाट

काळी_एक, डग्ग्याच्या जागेचे नमुने घेताना प्रत्येक फाइलला भिंतीपासूनचं अंतर नाव म्हणून द्या: १४०, १७०, २००. आणि तपासताना खोलीचं दार जसं रेकॉर्डिंगला असणार तसंच ठेवा. दार उघडं असलं की खालच्या सुरांचा सगळा हिशेब बदलतो आणि बंद दारामागे ती जागा पुन्हा चुकीची निघते.